मोबाइलवरील बातमी, गावचे मत आणि कायदा

मध्य प्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा असो, की महाराष्ट्राच्या रावेर तालुक्यातील एखादे गाव असो, तापी खोऱ्यातील केळीच्या पट्ट्यात दोन राज्यांची सीमा माणसांच्या व्यवहारात फारशी आड येत नाही. सोयरिकी सीमेपलीकडच्या आहेत, मराठी बोली दोन्हीकडे चालते आणि मोबाइलवर येणारे संदेशही दोन्हीकडे सारखेच असतात. केळीचा भाव, पावसाचा अंदाज, मुलांच्या परीक्षांचे निकाल, सरकारी योजनेची माहिती हे सर्व आता शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात क्षणात येऊन पोहोचते.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी ती मोठ्या शहरांपुरतीच मर्यादित होती. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि ही सुविधा खेड्यापाड्यांत झपाट्याने पसरली. तिच्याबरोबर तिच्याविषयीची मतेही पसरली. गावच्या पारावर आज तीन मते हमखास ऐकू येतात. "मी काही लिहिले नाही, आलेले फक्त पुढे पाठविले" हे पहिले मत. "मोबाइलवर काही बोलायची सोयच उरली नाही, लगेच पोलीस येतात" हे दुसरे. "हे इंटरनेटच बंद करून टाकावे, म्हणजे सगळ्या भानगडी मिटतील" हे तिसरे. ही तिन्ही मते अनुभवातून आलेली आहेत; परंतु तिन्ही अपुरी आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा व भारतीय न्याय संहिता हे केंद्राचे कायदे असल्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नागरिकांना ते सारखेच लागू होतात. म्हणून या मतांचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

राईनपाड्याचा धडा

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ हा तेथील आठवडे बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकरी तेथे आले. हा समाज पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून भिक्षेवर उदरनिर्वाह करीत आला आहे. मुले पळविणारी टोळी परिसरात फिरत असल्याच्या अफवा त्यापूर्वी कित्येक दिवस मोबाइलवरून पसरत होत्या. अनोळखी माणसे दिसताच बाजारातील लोकांचा संशय बळावला. जमावाने या पाच जणांना मारहाण केली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले, आणि तेथेही मारहाण सुरूच राहिली. पाचही जण मृत्युमुखी पडले. मुले पळविणाऱ्या टोळीशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

त्या वर्षी मुले पळविण्याच्या अफवेबरोबर एक ध्वनिचित्रफीत देशभर फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसत होते. ही फीत भारतातील नव्हतीच. पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेल्या एका चित्रफितीचा तो भाग होता. मूळ फितीत मोटारसायकलस्वार मूल परत आणून देतो आणि शेवटी सावधगिरीचा संदेश झळकतो. हा शेवटचा भाग कापून टाकण्यात आला. ज्याने तो कापला त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही; परंतु ती फीत पुढे पाठविणारी लाखो माणसे साधीसुधी, आपल्या लेकरांची काळजी वाहणारी होती.

पूर्वी गावात बातमी येई ती दवंडीने. दवंडी पिटणारा कोतवाल सर्वांच्या ओळखीचा असे आणि त्याच्यामागे पाटील व सरकारी हुकूम उभा असे. बातमी चुकली तर जाब कोणाला विचारावयाचा, हे प्रत्येकाला ठाऊक असे. पुढे पाठविलेल्या संदेशाला असा धनी नसतो. तो ओळखीच्या माणसाच्या मोबाइलवरून येतो, म्हणून ओळखीच्या माणसाइतकाच खरा वाटतो. "मी फक्त पुढे पाठविले" असे म्हणणारा माणूस नेमके हेच विसरतो. त्याने लिहिले काहीच नाही हे खरे. पण आपल्या नावाची पत त्याने त्या संदेशाला उसनी दिली.

त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे दोन वर्षांच्या बालकासह पाच जणांना अशाच संशयावरून जमावाने घेरले होते. तेथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आश्रय दिला. संतप्त जमावाशी सामना करीत पोलिसांनी त्यांची सुटका केली आणि पाचही जीव वाचले. अफवा दोन्ही ठिकाणी एकच होती. एका ठिकाणी दार उघडणारा माणूस भेटला, एवढाच काय तो फरक.

राईनपाड्याच्या घटनेनंतर केंद्र शासनाने व्हॉट्सॲप कंपनीला कडक शब्दांत जाणीव दिली. एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये, अशी मर्यादा कंपनीने त्याच महिन्यात भारतापुरती जाहीर केली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण उमटू लागली, तीही २०१८ च्या जुलैपासूनच. आज मोबाइलवर दिसणाऱ्या या लहानशा खुणेमागे पाच भिक्षेकऱ्यांचा मृत्यू आहे, याची आठवण ठेवली पाहिजे.

अफवेमुळे जीव जातो तसा संसारही बुडतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीचे मांस खाल्ल्याने कोरोना होतो, अशी अफवा समाजमाध्यमांवरून पसरली. तिला कोणताही शास्त्रीय आधार नव्हता. तरीही कोंबड्यांचे भाव कोसळले आणि कुक्कुटपालन करणाऱ्या असंख्य शेतकऱ्यांना मिळेल त्या भावाने पक्षी विकावे लागले. केळी, कांदा, द्राक्ष यांसारख्या नाशिवंत मालावर जगणाऱ्या भागाने यातून योग्य तो बोध घ्यावा.

पालघरची दुसरी बाजू

तथापि अफवा घातक असते म्हणून प्रत्येक मत घातक ठरत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले व मुंबई परिसरातील व्यवहार बंद राहिले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथील एका तरुणीने या बंदविषयी फेसबुकवर आपले मत लिहिले. तिच्या एका मैत्रिणीने त्याला पसंती दर्शविली. एवढ्यावरून दोघींना अटक करण्यात आली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. देशभर या अटकेवर टीका झाली. पुढे राज्य शासनाने संबंधित पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केले.

या अटकेसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ चा आधार घेण्यात आला होता. २००८ च्या दुरुस्तीने हे कलम कायद्यात आले. दुसऱ्याला त्रासदायक अथवा गैरसोयीचा वाटणारा मजकूर पाठविल्यासही तीन वर्षांपर्यंत कारावास होण्याची तरतूद त्यात होती. त्रास म्हणजे काय आणि गैरसोय म्हणजे काय, याची निश्चित व्याख्या मात्र कोठेच नव्हती. कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल हिने या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

या निकालात न्यायालयाने केलेला भेद प्रत्येक नागरिकाने समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या विषयावर चर्चा करणे ही पहिली पायरी, एखाद्या मताचा आग्रहाने पुरस्कार करणे ही दुसरी आणि लोकांना गैरकृत्याची चिथावणी देणे ही तिसरी. मत कितीही अप्रिय असले तरी पहिल्या दोन पायऱ्यांना राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. वाजवी निर्बंधाचा हात पोहोचतो तो तिसऱ्या पायरीपर्यंत गेल्यावर. "आमच्या गावात इंटरनेट नीट चालत नाही", "अमुक योजना फसली", "नवा नियम मला मान्य नाही" असे म्हणणे हा गुन्हा नाही. "अमुक वस्तीतील माणसे मुले पळवितात, त्यांना सोडू नका" ही चिथावणी आहे.

कायद्याची आजची चौकट

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. राईनपाड्याच्या घटनेला त्याच दिवशी सहा वर्षे पूर्ण झाली. या संहितेच्या कलम १०३ मध्ये जमावाने केलेल्या हत्येचा प्रथमच स्वतंत्र उल्लेख करण्यात आला. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अथवा तत्सम कारणावरून खून केल्यास त्यातील प्रत्येकास मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते. कलम ३५३ अन्वये लोकांत घबराट पसरविण्याच्या अथवा समाजासमाजांत वैर वाढविण्याच्या हेतूने खोटी माहिती किंवा अफवा प्रसृत करणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. इलेक्ट्रॉनिक साधनांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. माहिती खरी मानण्यास वाजवी कारण असेल आणि ती सद्भावाने, तशा हेतूवाचून दिली असेल, तर मात्र हे कलम लागत नाही. कायदा चुकीला नव्हे तर दुष्ट हेतूला शिक्षा करतो, ही गोष्ट अधिकाऱ्यांनी आणि नागरिकांनी सारखीच ध्यानात ठेवावी.

समाजमाध्यम चालविणाऱ्या कंपन्यांचे स्थान कायद्याने मध्यस्थाचे मानले आहे. टपाल पोहोचविणारा जसा पत्रातील मजकुराला एरवी जबाबदार नसतो, तसेच हे आहे. परंतु न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची विधिवत सूचना मिळाल्यानंतर बेकायदेशीर मजकूर हटविणे कंपनीवर बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक मोठ्या कंपनीने भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे. संदेश सर्वप्रथम कोणी पाठविला हे न्यायालयीन आदेशानंतर शोधून द्यावे, अशीही तरतूद त्यांत आहे. अशाने प्रत्येकाच्या खासगी पत्रव्यवहाराचे मोहोरबंद पाकीट उघडे पडेल, असा आक्षेप घेऊन व्हॉट्सॲपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. शासनाविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे शासनाच्याच कक्षाने ठरवावे, अशी दुरुस्ती २०२३ मध्ये झाली होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरविली. खासगीपणा आणि सुरक्षितता, स्वातंत्र्य आणि नियमन यांचा तोल असा वादविवादातूनच साधला जात आहे.

सेवा बंद करणे हा उपाय आहे काय?

राहिले तिसरे मत. शांतता धोक्यात आल्यास इंटरनेट सेवा तात्पुरती बंद करण्याचा अधिकार शासनास आहे. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुरावरून कोल्हापुरात तणाव निर्माण झाला, तेव्हा तेथे तो वापरण्यात आला. परंतु सेवा बंद पडते तेव्हा अफवेबरोबर तिचे खंडनही थांबते. व्यापाऱ्याची देवघेव, विद्यार्थ्याचा अर्ज, रुग्णाची चौकशी आणि रास्तभाव दुकानातील नोंद या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. म्हणूनच अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले की, अशी बंदी अनिश्चित काळासाठी घालता येणार नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. नियमांनुसार असा एक आदेश पंधरा दिवसांहून अधिक काळ चालत नाही. बंदी हे शेवटचे शस्त्र आहे. शेत नांगरण्याचे ते अवजार नव्हे.

गावाने करावयाचे काम

संशयास्पद संदेश आला असता तीन गोष्टी पाहाव्यात. त्यात गावाचे नाव, तारीख व सांगणाऱ्याचे नाव आहे काय? ती बातमी वृत्तपत्रात, आकाशवाणीवर किंवा पोलीस ठाण्यात दुजोरा मिळण्यासारखी आहे काय? आणि तो वाचून मनात भय किंवा संताप उसळला काय? तसा तो उसळला असेल, तर मोबाइल खाली ठेवावा. खरी बातमी तासाभराच्या विलंबाने खोटी होत नाही.

अनोळखी माणसाविषयी शंका आल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी १०९८ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. शिक्षकांनी वर्गात कराचीच्या चित्रफितीचे उदाहरण द्यावे. गोष्टीचा शेवट कापला की तिचा अर्थ कसा उलटा होतो, हे मुलांना चटकन समजते, आणि तीच मुले घरी वडीलधाऱ्यांना समजावून सांगू शकतात. सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, तलाठी वा पटवारी यांनी अफवेची वार्ता कानी येताच खरी माहिती विनाविलंब सांगावी. अधिकाऱ्याचे मौन लांबले की अफवेला बळ येते. आणि टीका करणाऱ्या ग्रामस्थाकडे संशयाने पाहण्याऐवजी त्याच्या म्हणण्यातील तक्रार नोंदवून घ्यावी.

आपले मत माणसाने आपल्या नावाने मांडावे, ते कोणाला रुचो अथवा न रुचो. त्याचे उत्तर मतानेच दिले जावे. मात्र ज्या बातमीची जबाबदारी आपण स्वतः चारचौघांत उभे राहून घेणार नाही, ती आपल्या मोबाइलवरून पुढे जाता कामा नये. उद्या दापोऱ्याच्या किंवा रावेरकडच्या एखाद्या बाजारात झोळी घेतलेला कोणी अनोळखी माणूस आला, तर तो सुखरूप आपल्या घरी परतावा, हे गावातील प्रत्येक मोबाइलधारकाच्या हाती आहे.