करार, खाण आणि आरक्षण

आरक्षणाने गुणवत्ता बुडते, हा युक्तिवाद आपल्या चांगल्याच परिचयाचा आहे. आरक्षणाने आंतरराष्ट्रीय करार मोडतो, हा युक्तिवाद आपल्याकडे फारसा ऐकू येत नाही. दक्षिण आफ्रिकेत तो मांडून झाला आहे.

तेथे खाणीत राबणारे काळे आणि मालक गोरे, ही व्यवस्था कायद्यानेच घडवली होती. १९११ आणि १९२६ च्या खाण कायद्यांनी काळ्या कामगारांना कुशल कामांची दारे बंद केली. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य काळ्यांसाठी देशाची जेमतेम सात टक्के जमीन ठेवली. हेही आरक्षणच होते, वरच्यांचे!

१९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपली. परकी भांडवल यावे म्हणून नव्या सरकारने गुंतवणूक संरक्षणाचे करार केले. १९९७ मध्ये इटलीशी, १९९८ मध्ये बेल्जियम-लक्झेंबर्गशी. अशा करारांनी परकी गुंतवणूकदार सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकतो. खाणमजुराला तो दरवाजा नाही.

पुढे २००२ चा खनिज कायदा आणि त्यासोबतची सनद आली. खाण कंपन्यांची २६ टक्के मालकी दहा वर्षांत वंचितांकडे जावी, असे ठरले. ग्रॅनाइटच्या खाणींत पैसा गुंतवलेले काही इटालियन नागरिक आणि लक्झेंबर्गची एक कंपनी २००७ मध्ये लवादापुढे उभी राहिली : हे आमच्या मालमत्तेचे हरण आहे! करार सुरू होतो तो गुंतवणुकीपासून. ती जमीन त्याआधी कुणाच्या हातून कशी गेली, हे तो विचारत नाही.

मूळ प्रश्नावर निकाल लागलाच नाही. सरकारने तडजोड केली. कामगारांना पाच टक्के समभाग मिळाले. उरलेल्या २१ टक्क्यांच्या जागी दगडावर देशातच प्रक्रिया करण्याची हमी आली. २०१० मध्ये दावा निकालात निघाला. दावेदारांनी चार लाख युरो भरावेत, असे लवादाने सांगितले. सरकारचा खर्च पन्नास लाख युरोंच्या वर गेला होता. हरले नाही म्हणायचे, इतकेच.

२०१२ पासून दक्षिण आफ्रिकेने युरोपीय देशांशी केलेले अनेक करार रद्द केले. करार नसले तर भांडवल येत नाही, असे वर्गात शिकवले जाते. मीही शिकवले आहे. ब्राझीलने १९९० च्या दशकात सह्या केलेल्या अशा एकाही कराराला मंजुरी दिली नाही, तरी तेथे भांडवल येतच राहिले.

भारतानेही २०११ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कंपनीपुढे लवाद हरल्यावर धोरण बदलले. २०१५ च्या नमुना कराराने आधी पाच वर्षे देशी न्यायालयांत दाद मागण्याची अट घातली, आणि जुने बहुतेक करार संपवले. खासगी क्षेत्रातील आरक्षणाची आपली मागणी उद्या परकी मालकीच्या कारखान्यापर्यंत पोचली, तर ही अट कामाची ठरेल. २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात पाचाची तीन वर्षे झाली आहेत.