विवाह, धर्म आणि सरकार

गोविंदपुऱ्यात भेलच्या कारखान्यामुळे नाना प्रांतांची, नाना धर्मांची माणसे शेजारी राहू लागली. साहजिकच एखादा विवाह धर्माबाहेरही जुळतो. अशा वेळी सरकारने वधूवरांचा धर्म विचारावा काय?

1872 च्या कायद्याखाली लग्न करायचे तर दोघांना लिहून द्यावे लागे, की आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याही धर्माचे नाही. म्हणजे लग्नापायी धर्मावर पाणी सोडायचे! 1923 मध्ये हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपसांतील विवाहापुरती यातून सूट मिळाली. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने ही अटच काढून टाकली. नोंदणी अधिकारी वय, मानसिक स्थिती, हयात पतीपत्नी आणि निषिद्ध नाते पाहतो, धर्म नव्हे. भागीदारी संस्थेच्या नोंदणीतही भागीदाराचा धर्म कोण विचारतो? आम्हा वाणिज्यवाल्यांना हे चटकन पटते.

तरी एक अडसर उरला. तीस दिवस आधी नोटीस द्यायची, ती कचेरीत लागते, हरकती येऊ शकतात. हिंदू विवाह कायद्यात अशी पूर्वसूचना नाही. घरचा विरोध पत्करलेल्यांना हे तीस दिवस फार जड जातात.

धर्मांतर करून लग्न करावे, तर मध्य प्रदेशच्या 2021 च्या कायद्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची अट घातली. बळजबरी, फसवणूक यांना शिक्षा हवीच. पण राजीखुशीच्या श्रद्धेची वर्दी सरकारला कशाला? नोव्हेंबर 2022 मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ही अट प्रथमदर्शनी घटनाबाह्य मानली आणि स्वेच्छेने विवाह करणाऱ्या सज्ञानांवर खटले भरू नयेत, असा अंतरिम आदेश दिला.