अमिलॉइड रोग, प्राण्यांतील

अमिलॉइड रोग, प्राण्यांतील : विकृत घडी पडलेल्या प्रथिनांचे अविद्राव्य (न विरघळणारे) तंतुक ऊतकांत, कोशिकांच्या (पेशींच्या) बाहेर साचल्यामुळे उद्‌भवणारे विकार. आयोडिनाने येणाऱ्या रंगावरून हा साका स्टार्चसदृश मानून रूडोल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये ‘अमिलॉइड’ ही संज्ञा वापरली. तो प्रथिनमय असल्याचे फ्रीड्रिख व केकूले यांनी १८५९ मध्ये दाखविले. नाव मात्र रूढ राहिले. काँगो रेड या रंजकाने रंगविलेला ऊतकाचा छेद ध्रुवित प्रकाशात हिरवा दिसतो. निदानाची ही मुख्य कसोटी होय.

गुरे, घोडे, कुत्री व बदके यांत आढळणारा प्रमुख प्रकार चिरकारी (दीर्घकालीन) दाहानंतर होतो. अशा वेळी यकृत अमिलॉइड-ए चे पूर्वगामी प्रथिन रक्तात मोठ्या प्रमाणात सोडते व त्याचे अंश वृक्क (मूत्रपिंड), यकृत आणि प्लीहा यांत साचतात. गुरांत मूत्रावाटे प्रथिने जातात, हगवण लागते व जनावर खंगते.

घोड्यांतील विकाराचा मानवी आरोग्याशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेने (स्थापना १८९९) नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांवरील प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार केले. भारतात आजही हीच पद्धत आहे. त्यासाठी घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा वारंवार टोचतात. अशा दीर्घकालीन उद्दीपनाने काही घोड्यांच्या यकृतात अमिलॉइड साचते. यकृत ठिसूळ होऊन फुटल्यास अंतर्गत रक्तस्रावाने घोडा दगावतो. म्हणून टोचणीच्या वेळापत्रकात विश्रांती व यकृताची नियमित तपासणी आवश्यक असते.

मांजरांत स्वादुपिंडातील साक्याचा मधुमेहाशी संबंध आहे. वृद्ध कुत्र्यांच्या मेंदूत मानवी आल्झायमर रोगातल्याप्रमाणे बीटा-अमिलॉइड साचते. बंदिस्त चित्त्यांच्या विष्ठेतील अमिलॉइड उंदरांत रोगाची गती वाढविते, असे २००८ मध्ये आढळले. मेंढ्यांचा स्क्रेपी व गुरांचा ‘मॅड काऊ’ रोग (ब्रिटन, १९८६) हे प्रिऑन रोगही विकृत घडीच्या प्रथिनांमुळेच होतात. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याची नोंद १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली.

साचलेले अमिलॉइड काढून टाकणारा खात्रीचा उपचार जनावरांत उपलब्ध नाही. त्यामुळे जखमा, स्तनदाह यांसारख्या मूळ दाहांवर वेळीच इलाज करणे हाच प्रतिबंधाचा मुख्य मार्ग ठरतो.