कृष्णाकाठावरील पूरप्रवण क्षेत्रांचे नकाशांकन व स्थानिक व्यवस्थापन : सातारा व सांगली जिल्हे

प्रस्तावना

महाबळेश्वर येथे उगम पावणाऱ्या कृष्णा नदीस कराड येथे कोयना, ब्रह्मनाळजवळ येरळा व सांगलीलगत हरिपूर येथे वारणा येऊन मिळते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ मध्ये येथे पाणी सुमारे ५४ फूट, २०१९ मध्ये ५७ फुटांहून अधिक, तर २०२१ मध्ये सुमारे ५५ फूट इतके चढले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटून जीवितहानी झाली. गाव कधी सोडावे, हा प्रश्न पूरनकाशाशी थेट निगडित आहे.

पूररेषेचा अर्थ

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग दोन पूररेषा निश्चित करतो. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची असते. नदीपात्र व निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध, तर निळ्या व लाल रेषेमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढील २५ वर्षे निर्धास्त राहावे असा नव्हे. असा पूर येण्याची शक्यता दरवर्षी ४ टक्के असते. ३० वर्षे टिकणाऱ्या घरास तो किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के होते. लाल रेषेपर्यंतच्या पुराबाबत हीच शक्यता सुमारे २६ टक्के आहे.

नकाशांकनातील अडचणी

नकाशासाठी नदीचे आडवे छेद, जमिनीची उंची, विसर्गाच्या नोंदी व पूर्वीच्या पुराच्या खुणा आवश्यक असतात. मुक्तपणे उपलब्ध असलेल्या उपग्रहीय उंचीच्या माहितीत काही मीटरची चूक असू शकते. जमिनीचा उतार ५०० मीटरला १ मीटर असेल, तर उंचीतील १ मीटरच्या चुकीने पूररेषा ५०० मीटर सरकते. म्हणजेच एखादी संपूर्ण वसाहत रेषेच्या आत अथवा बाहेर जाते.

दोन्ही जिल्ह्यांतील धोक्याचे स्वरूपही भिन्न आहे. साताऱ्याच्या पश्चिम भागात दऱ्या अरुंद व प्रवाह वेगवान आहेत. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळल्याने तेथे पूर व दरड यांचा एकत्रित नकाशा आवश्यक ठरतो. सांगलीत मात्र उतार मंद असून पाणी दूरवर पसरते व दीर्घकाळ टिकते. वारणेला पूर असल्यास संगमाजवळ कृष्णेचे पाणी तुंबते. त्यामुळे कृष्णेचा विसर्ग तेवढाच असूनही पातळी अधिक चढू शकते. केवळ धरणातील विसर्गावर आधारलेला नकाशा येथे अपुरा पडतो.

स्थानिक उपयोग

पूररेषा बांधकाम परवानगीसाठी उपयुक्त आहे; परंतु पावसाळ्यातील निर्णयांसाठी पातळीनिहाय नकाशा हवा. आयर्विन पुलाजवळ ३५, ४०, ४५, ५० व ५५ फूट पाणी असताना कोणती गल्ली, कोणता रस्ता व कोणती शाळा पाण्याखाली जाते, हे त्यात दर्शविले पाहिजे. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा प्रथम बाधित होणाऱ्या भागांतील रहिवाशांना फुटांची भाषा परिचित आहे. मात्र पुराच्या पाण्याच्या पृष्ठभागालाही उतार असल्याने पुलावरील आकडा दूरच्या गावास जसाच्या तसा लागू करता येत नाही. त्यासाठी प्रत्येक गावात स्वतंत्र मोजपट्टी असणे इष्ट होय.

निष्कर्ष

केंद्र शासनाने पूरमैदान विभागणीचा आदर्श कायदा १९७५ मध्येच राज्यांकडे पाठविला होता. तथापि फार थोड्या राज्यांनी तसा कायदा केला. कायदा व रेषा यांच्या जोडीला स्थानिक नोंदींची आवश्यकता आहे. २०१९ व २०२१ च्या पुराच्या भिंतींवरील खुणा रंगरंगोटीत व पुनर्बांधणीत नष्ट होत आहेत. त्यांची उंची समुद्रसपाटीपासून मोजून नोंदविण्याचे कार्य महाविद्यालयांचे भूगोल विभाग विद्यार्थ्यांच्या सहभागातून करू शकतात. अशा नोंदी ग्रामपंचायतींच्या हाती आल्यास पुढील पुरात शेवटच्या बोटीची वाट पाहण्याची वेळ येणार नाही.