वजन दुप्पट, मग किंमत चौपट का?

बारामती-इंदापूरकडच्या लग्नघरात सोन्याचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. तोळ्याचा भाव गुणिले वजन, वर मजुरी. साखरपुड्याच्या अंगठीत हिरा आला की मात्र हा हिशेब कोलमडतो. समजा, अर्ध्या कॅरेटचा खडा लाखाला पडतो. तर त्याच प्रतीचा एक कॅरेटचा दोन लाखांत मिळत नाही, तीन-चार लाख मोजावे लागतात.

इंदापूरच्या बाजार समितीत डाळिंब घालणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. मोठ्या फळाला किलोमागे जो भाव निघतो, तो बारीक मालाला निघत नाही. खाणीतही मोठा, स्वच्छ खडा क्वचितच सापडतो. त्यामुळे वजनाबरोबर कॅरेटमागचा दरच चढत जातो.

सोन्याचा 22 कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट निव्वळ वजन: 200 मिलिग्रॅम, म्हणजेच 100 सेंट. दर चढतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. 50 सेंटला एक उडी, 90 ला दुसरी, पूर्ण कॅरेटला आणखी मोठी. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. 95 सेंटचा त्याहून जेमतेम एक दशांश मिलिमीटर लहान. बोटात घातल्यावर विहीणबाईंनाही कळायचा नाही. माझं मत विचाराल तर शहाण्यानं तोच घ्यावा.

पायरी गाठायच्या हव्यासापायी कधी कधी हिऱ्याचं पोट खोल ठेवतात. वजन भरतं, पण प्रकाश खालून निसटतो आणि खडा मंद दिसतो. उलटा दाखला नाशिकच्या हिऱ्याचा. त्र्यंबकेश्वरचा मानला जाणारा हा हिरा 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला. पुढे सुमारे 80 कॅरेटचा तो खडा हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्यानं 1940 मध्ये नव्यानं पैलू पाडून 43.38 कॅरेटवर आणला. जवळपास निम्मं वजन घालवलं, ते तेजासाठी!

पावतीवर ‘एकूण वजन 1 कॅरेट’ असेल तर खडे किती, ते मोजा. दहा-दहा सेंटचे दहा खडे एका कॅरेटच्या एकट्या हिऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतात. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. यंत्रात मोठा खडा काही आठवड्यांत तयार होतो, दुर्मीळपणाच उरत नाही; त्यामुळे दोन कॅरेटचा असा हिरा खाणीतल्या एक कॅरेटच्या हिऱ्यापेक्षाही पुष्कळ कमी पैशांत येतो.