घर बंद असता माशांच्या पेटीचे पाणी कसे राखावे?

शेतकऱ्यांच्या मासिकात काचेच्या पेटीतील माशांचे काय प्रयोजन, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल, व तो रास्तही आहे. परंतु ज्याच्या दावणीला चार जनावरे आहेत, खुराड्यात दहा कोंबड्या आहेत, अथवा परसात रोपांचे वाफे आहेत, त्यास आठ दिवस परगावी जावयाचे झाल्यास पहिली काळजी पडते ती पाण्याचीच. आपल्या पाठीमागे पाणी आटले तर काय, आणि ते आटू नये म्हणून केलेली योजनाच बिघडली तर काय, हे दोन्ही प्रश्न गोठ्यात, खुराड्यात आणि माशांच्या पेटीत सारखेच असतात. पेटी काचेची असल्यामुळे तीत ते डोळ्यांस चटकन दिसतात, एवढाच फरक. आम्हांस या बाबतीत एकदा चांगलाच फटका बसला. त्यातून जे शिकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची हकीकत

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झालो. तालुक्याच्या गावी घर आणि तेथून दोन कोसांवर थोडी जमीन, असा आमचा संसार. चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी राहावयास गेले, तेव्हा नातीने आपली माशांची पेटी आमच्या स्वाधीन केली. पेटी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व दीड फूट उंच; आणि तीत गोल्डफिश जातीचे सात लहान मासे.

दुसऱ्या वर्षी वैशाखात आम्ही उभयतांनी बारा दिवसांच्या काशीयात्रेस जाण्याचे ठरविले. पेटीतील पाणी रोज उतरते हे आम्ही पाहत होतो. सबब, गच्चीवरील हजार लिटरच्या टाकीतून एक बारीक नळी खाली आणली आणि तिच्या तोंडाशी तरंगत्या गोळ्याची तोटी, जिला नळकाम करणारे बॉलकॉक म्हणतात, ती बसविली. पाणी उतरले की गोळा खाली येतो व तोटी उघडते. पाणी चढले की गोळा वर जातो व तोटी मिटते. दोन दिवस उत्तम चालले. आम्ही निश्चिंत मनाने कुलूप लावले.

पाचव्या दिवशी आम्ही घाटावर असता शेजारच्या अण्णांचा फोन आला, “भाऊसाहेब, तुमच्या उंबऱ्याखालून ओहोळ निघाला आहे. किल्ली कोठे ठेवली?” पाणवनस्पतीची एक काडी बॉलकॉकच्या दांड्यात अडकली होती आणि गोळा वर येत नव्हता. रात्रभर टाकी पेटीत रिती झाली आणि पेटी घरात. उन्हाने तापलेल्या टाकीचे ते पाणी, त्यात नळाच्या पाण्यातील क्लोरीनची भर. तीन मासे पेटीतच मेले, दोन काठावरून वाहून फरशीवर आले. ओटीवर खरिपाच्या पेरणीकरिता राखलेली सोयाबीनच्या बियाण्याची तीन पोती होती, ती तळाकडून भिजून फुगली. सोयाबीनचे बियाणे किती नाजूक असते हे वाचकांस सांगणे नलगे. त्या साली बी विकत घ्यावे लागले.

परत आल्यावर नातीस कळविणे भाग होते. तिने सर्व ऐकून घेतले व एवढेच विचारले, “आजोबा, नळ उघडा का ठेवला?” आम्ही म्हणालो, नळ उघडा नव्हता, बॉलकॉक होता. परंतु बोलता बोलताच आमच्या ध्यानात आले, की मुलीचे म्हणणे बरोबर आहे. ज्याच्यामागे हजार लिटर पाणी उभे आहे आणि पुढे केवळ एक गोळा आहे, तो नळ उघडाच समजला पाहिजे.

पाण्याचा जमाखर्च

कचेरीत असताना पर्जन्यमापकाचे आकडे नोंदविण्याचे काम आमच्याकडे बरीच वर्षे होते. तीच सवय आम्ही पेटीस लावली. काचेवर पट्टी चिकटवली आणि रोज सकाळी पाणी किती मिलिमीटर उतरले ते वहीत लिहू लागलो. कोणतीही योजना करण्यापूर्वी हे आठ दिवस करावेच, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. खर्च ठाऊक नसता जमेची तरतूद करणारा कारकून जसा फसतो, तसेच येथेही होते.

उघड्यावरील पाण्याची वाफ किती होते हे पाहण्याकरिता कृषी विद्यापीठांच्या वेधशाळांत सुमारे चार फूट व्यासाचे एक पात्र ठेवलेले असते. देशावर वैशाखात त्यातील पाणी दिवसास १० मिलिमीटर, व कधी त्याहूनही अधिक उतरते. घरात ऊन व वारा कमी म्हणून हा आकडा लहान असतो. आमच्या पेटीवर झाकण नसताना, वर पंखा चालू असता, रोजचा उतार ७ मिलिमीटर भरला. पेटीचा पृष्ठभाग ध्यानात घेता एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ३५० मिलिलिटर पाणी. म्हणजे रोज जवळजवळ अडीच लिटर आणि बारा दिवसांत सुमारे २९ लिटर. पेटीत एकंदर पाणी सुमारे १४० लिटर.

मग आम्ही पेटीवर काच झाकली. हवेकरिता कडेने बोटभर फट ठेवली व पंखा बंद केला. उतार ७ वरून २ मिलिमीटरवर आला; बारा दिवसांचा खर्च २९ लिटरांवरून साडेआठ लिटरांच्या आत! ज्या खर्चाकरिता आम्ही हजार लिटरची टाकी पेटीस जोडली होती, तो एका काचेच्या तुकड्याने तीन हिश्शांनी कमी होत होता. तेव्हा आवक वाढविण्याच्या मागे लागण्यापूर्वी जावक कमी करावी, हा पहिला नियम. चार-पाच दिवसांची गैरहजेरी असेल तर झाकण घालून पेटी वरपर्यंत भरून ठेवणे, एवढेच बहुधा पुरते. निराळी योजना करण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पाणी दोन बोटे उतरल्याने मासा मरत नाही. परंतु पाणी गाळणारे यंत्र काठावर टांगलेले असल्यास त्याची शोषनळी उघडी पडते, यंत्र कोरडे फिरते व पाण्यात हवा मिसळणे थांबते. आणि मासे मरतात ते यामुळे. वीज जाऊन यंत्र काही काळ बंद राहिले आणि परत आली, तर उतरलेल्या पाण्यात ते पुन्हा पाणी धरीलच असेही नाही. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी पाण्याच्या रेघेविषयी अधिक दक्ष राहावे.

आवकेचे मार्ग

पहिला मार्ग शेजाऱ्याचा. तो उत्तम खरा, परंतु सूचना स्पष्ट पाहिजेत. शेजारी येतो तो दयाबुद्धीने, आणि माशांस भुकेले पाहवत नाही म्हणून मूठभर खाद्य टाकतो. न खाल्लेले खाद्य कुजते, त्यातून अमोनिया होतो व माशांस विष होते. मोठा झालेला निरोगी मासा आठवडाभर खाद्यावाचून सहज राहतो. सबब, खाद्याच्या चिमूट चिमूट पुड्या बांधून, तिसऱ्या दिवशी एक या हिशेबाने ठेवाव्यात आणि डबा कपाटात बंद करावा.

दुसरा मार्ग ठिबकणाऱ्या भांड्याचा. देवळातील अभिषेकपात्र सर्वांनी पाहिले आहे. वात अथवा बारीक नळी लावून तशीच योजना पुष्कळ लोक करतात. परंतु अभिषेकपात्रास पिंडीची खबर नसते. खाली पाणी कमी आहे की जास्त, हे न पाहता ते ठिबकतच राहते. शिवाय भांड्यातील पाणी उतरले म्हणजे दाब घटतो व थेंब मंद होतात, आणि जड पाण्यातील चुना बारीक छिद्र बुजवितो. कुंडीतील रोपास हा मार्ग चालेल. पेटीस आम्ही सुचविणार नाही.

तिसरा मार्ग बॉलकॉकचा. आमचा घात त्याने केला, तरी आम्ही त्यास वाईट म्हणत नाही. वाईट होते ते त्याच्यामागे हजार लिटर लावणे. तोच बॉलकॉक दहा लिटरच्या बालदीस जोडला असता, तर काडी अडकूनही दहा लिटरांपलीकडे पाणी आले नसते.

चौथा मार्ग पालथ्या भांड्याचा, व तो आम्हांस सर्वांत पसंत पडला. कोंबड्यांना पाणी पाजण्याचे जे पालथे भांडे बाजारात मिळते, किंवा कचेऱ्यांतून पिण्याच्या पाण्याचा जो पालथा जार असतो, त्याचेच हे तत्त्व. भरलेला कॅन पालथा करून त्याचे तोंड पेटीतील पाण्याच्या इच्छित रेघेवर टेकविले, की बाहेरील हवेच्या दाबामुळे आतील पाणी खाली येत नाही. पेटीतील पाणी तोंडाच्या खाली गेले म्हणजे हवेचा एक बुडबुडा आत शिरतो आणि तितकेच पाणी बाहेर पडते. तोंड पुन्हा बुडाले की थांबते. सतराव्या शतकात एदम मारियोत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने याच जातीच्या तत्त्वावर पाण्याची धार एकसारखी ठेवणारी बाटली योजिली. ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. यात ना गोळा, ना दांडा, ना वीज. अडकावयास काही नाही.

कृती अशी. जाड प्लॅस्टिकचा दहा लिटरचा कॅन घ्यावा. पातळ बाटली चेपते, ती नको. झाकणास अंगठा जाईल एवढे भोक पाडावे. याहून बारीक भोकातून बुडबुडा नीट शिरत नाही. पेटीवर स्वतंत्र लाकडी तिवई उभी करावी, कॅनचा भार काचेवर पडू देऊ नये. झाकणाच्या काचेचा एक कोपरा कापून तेथून कॅनचे तोंड आत घ्यावे. कॅन सावलीत असावा. ऊन लागल्यास आतील हवा फुगून दुपारी पाणी अधिक उतरते व रात्री थोडे परत ओढले जाते.

आता मुख्य गोष्ट. हा कॅन तडकला आणि सगळे पाणी एकदम उतरले, तर काय होईल? दहा लिटर म्हणजे आमच्या पेटीत सुमारे २९ मिलिमीटर. म्हणून आम्ही पाण्याची रेघ काठापासून ४० मिलिमीटर खाली ठेवली. कॅन फुटला तरी थेंब बाहेर जाणार नाही, आणि कॅन मुळीच चालला नाही तरी बारा दिवसांत पाणी २४ मिलिमीटरांपलीकडे उतरणार नाही. दोन्हीकडून मासे सुरक्षित. साधन चांगले चालेल काय, हे सर्वच पाहतात. ते बिघडले तर नुकसान किती, हे आधी मोजून ठेवणे, यातच खरी व्यवस्था आहे.

क्षारांचे कर्ज

वाफ होते ती केवळ पाण्याची. क्षार मागे राहतात. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले बोअरचे पाणी आम्ही वर्षभर नुसते भरीत राहिलो, तर रोज सुमारे ७०० मिलिलिटर या हिशेबाने वर्षात २५५ लिटर पाणी व त्यातून सुमारे १२८ ग्रॅम क्षार पेटीत येतील. मूळचे होते ७० ग्रॅम. म्हणजे पाण्याची रेघ तीच दिसेल, परंतु क्षार जवळजवळ तिप्पट होतील. कृष्णाकाठच्या कित्येक काळ्या जमिनी अतिपाण्याने व निचऱ्याच्या अभावी खारवट झाल्या, त्याचे मूळ याच हिशेबात आहे. यास उपाय भर घालणे हा नव्हे, तर काही पाणी काढून टाकून नवे घालणे हा होय. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी पेटीतील एकतृतीयांश पाणी बदलावे. निघण्याच्या दिवशी बदलू नये, कारण काही बिघडल्यास निस्तरावयास आपण नसतो. कॅनमध्ये पागोळीचे स्वच्छ पावसाचे पाणी असल्यास उत्तम. नळाचे पाणी असेल तर ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग भरावे.

समारोप

गेल्या वैशाखात आम्ही पुन्हा बारा दिवस घर बंद ठेवले. त्यापूर्वी सर्व योजना घरी असतानाच आठ दिवस चालवून पाहिली, आणि अण्णांकडे किल्ली व खाद्याच्या चार पुड्या दिल्या. परत आलो तेव्हा कॅनमध्ये तळाशी थोडे पाणी शिल्लक होते, पेटीतील पाणी रेघेवर होते, आणि पूर्वीच्या आपत्तीतून वाचलेले दोघेही मासे काचेशी येऊन तोंड हालवीत होते. नातीस तसे कळविले. यंदाच्या सुटीत आणखी तीन मासे घेऊन ती येणार आहे.

आमच्या गोठ्यातील हौदासही आता बॉलकॉक आहे. परंतु त्याच्यामागे विहिरीवरील पंप नाही, दोनशे लिटरचे एक पिंप आहे. ज्या वाचकांनी हौदास अथवा खुराड्यास थेट नळ जोडून ठेवला असेल, त्यांनी परगावी निघण्यापूर्वी तो अडकला असे मनाशी धरून पाणी कोठवर जाईल व वाटेत पोती कोठे आहेत, हे एकदा पाहून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.