फिलिप गस्टनचा उघडा दिवा

मी चित्रकलेचा विद्यार्थी नाही. आमच्या घरी चित्र म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर. पण ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक चाळताना एका पानावर थबकलो. खिळे ठोकलेले बुटांचे तळवे, छताला लोंबणारा विजेचा उघडा दिवा आणि सगळीकडे मांसासारखा गुलाबी रंग. चित्रकार अमेरिकेचा, फिलिप गस्टन.

त्याचा जन्म १९१३ चा, कॅनडातील माँट्रिऑलचा. आईवडील ओडेसाहून आलेले ज्यू, आडनाव गोल्डस्टाइन. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला गेले. वडील भंगार गोळा करीत. फिलिप लहान असतानाच त्यांनी गळफास घेतला. पोरगा कपाटात शिरून, तेथल्या उघड्या दिव्याखाली चित्रे काढीत बसे. वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रांचा त्याला नाद.

तरुणपणी त्याने इटलीतील जुन्या भित्तिचित्रांचा ध्यास घेतला, स्वतःही भित्तिचित्रे रंगविली. काळ्यांचा आणि ज्यूंचा द्वेष करणाऱ्या ‘कू क्लक्स क्लॅन’चे बुरखेवाले तेव्हाच त्याच्या चित्रांत आले. याच सुमारास त्याने गोल्डस्टाइनचे गस्टन केले. या लपवालपवीची खंत त्याला पुढे वाटत राहिली. येथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला वर्गात मी ‘धंदा’ एवढेच उत्तर देतो. वडिलांची हातगाडी आहे.

१९५० नंतर गस्टन अमूर्त चित्रांकडे वळला. आकार गेले, राहिले ते कुंचल्याचे तरल, थरथरते फटकारे. कीर्ती आली. १९६२ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठे प्रदर्शन भरले. एवढे मिळाल्यावर माणूस थांबतो. हा थांबला नाही. व्हिएतनामचे युद्ध पेटले होते, आणि आपण मात्र खोलीत बसून लाल रंग निळ्याशी जुळवीत आहोत, हे त्याला सोसेना.

१९७० च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत त्याने नवी चित्रे मांडली. व्यंगचित्रांसारखी ठसठशीत, ओबडधोबड. बुरखेवाले परतले होते, पण आता ते सिगारेटी ओढीत मोटारीतून हिंडत होते. ‘द स्टुडिओ’ या १९६९ च्या चित्रात तर बुरखेवाला स्वतःचेच चित्र काढतो आहे. गुन्हेगार बाहेरचाच असतो असे नाही, असे मला ते पाहून वाटले.

टीकाकार खवळले. हिल्टन क्रेमरने त्याला गावंढळाचे सोंग घेणारा पंडित ठरविले. मला हसू आले. आमच्यासारख्यांना सोंग घ्यावे लागते ते नेमके उलटे! चित्रकार डी कूनिंगने मात्र त्याला प्रदर्शनातच मिठी मारली.

गस्टन १९८० साली वारला. अखेरच्या दहा वर्षांत त्याने बूट, विटा, घड्याळे, अंथरुणात पडून सिगारेट ओढणारा स्वतः, असे पुष्कळ रंगविले. आणि कपाटातला तो दिवा पुन्हा पुन्हा.